सव्वातीन फूट

बावीस वर्षं ही किल्ली माझ्या करगोट्याला.
शाळा सुटली की कुलूप,
कुलूप लावलं की हिसका देऊन बघायचं, दोनदा.
भिंतीवरच्या काचा मीच बसवल्या,
सोड्याच्या बाटल्या फोडून, सिमेंट ओलं असताना.
तरी पोरं चढायची रविवारी.
एकाच्या पोटरीला आठ टाके पडले,
मी म्हणालो, "कुणी सांगितलं होतं बे चढायला?"
आणि आत तीन एकर मैदान
उन्हात एकटंच तापत पडलेलं.

पहाटे पाचला घरकुलातल्या बाया
हायवेच्या कडेनं चालायच्या.
डॉक्टरनं सगळ्यांना एकच लिहून दिलं होतं: चाला.
कुठं, ते लिहिलं नव्हतं.
ट्रक अंगावर वारा टाकून जायचे.
पदर तोंडाशी, हातात कुत्र्यांसाठी काठी.
माझी भागीरथी त्यांच्यातच.
फेब्रुवारीत एका टेम्पोनं तिचा खांदा मोडला.
हाड जुळलं, हात वर जात नाही.
वेणी आता मी घालतो.
वाकडी येते.

अर्ज मी नाही केला. शिपायानं कसला अर्ज करायचा?
हुसेनबीनं केला,
अंगठे आणि सह्या विडीच्या कट्ट्यासारख्या मोजून.
संस्थेच्या मीटिंगला मी चहा देत होतो.
एक म्हणाले, लाइटबिल कोण भरणार?
एक म्हणाले, थुंकतील, नळ चोरतील.
एक म्हणाले, आज मैदान मागतात, उद्या वर्ग मागतील.
(मला वाटलं, मागितले तर काय वाईट.)
पी.टी.चे गुंडेराव सर, मीटिंगमध्ये कधी न बोलणारे,
बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
"मैदान वापरून झिजत नाही हो."
मग सगळे त्यांच्या बशीकडेच बघत राहिले.

आता पहाटे पाच ते सात, संध्याकाळी सहा ते साडेआठ.
नळ पहिल्याच आठवड्यात गेला, खोटं कशाला बोलू.
बायांनी वर्गणी काढून नवा बसवला,
पितळी नाही, प्लास्टिकचा.
व्यंकटेश येमूल चाळीस वर्षं यंत्रमागावर,
कान तिथंच ठेवून आला,
त्यामुळे त्याची कुजबुज सगळ्या मैदानाला कळते.
नरसम्माची बोटं चालताना वळत राहतात,
पान नाही, तंबाखू नाही, तरी विडी.
दोन फेऱ्यांत दमायची. म्हणायची, "चालु, चालु."
तिच्या तेलुगूत त्याचा अर्थ: पुरे.
शिवलीला बिराजदार ते मराठीत ऐकायची
आणि हाताला धरून तिसऱ्या फेरीला ओढायची.
असं करत करत नरसम्मा आठ फेऱ्यांवर गेलीय.
दिवसभर या शाळेत मार्क वाढले की पेढे.
संध्याकाळी उलटं.
"दोनशे ऐंशीवरून एकशे साठ!"
पेढे वाटता येत नाहीत,
फुटाणे वाटतात.

काल दिवे मालवायच्या आधी
नरसम्मानं पदर खोचला, चपला काढल्या,
लांब उडीच्या खड्ड्याकडं बघत उभी राहिली.
मी शिट्टी तोंडाला लावली होती, वेळ संपलेली.
वाजवली नाही.
ती धावली, म्हणजे भरभर चालली,
आणि बासष्टाव्या वर्षी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.
वाळूत बसून हसत होती, उठता येईना.
हुसेनबी ओरडत होती, येमूलला पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलं.
भागीरथीनं टाळीसाठी हात उचलले.
कानापर्यंत गेले.
मी बघितलं, बोललो नाही.

सकाळी फक्की मारत होतो,
चौथीतली एक पोरगी खड्ड्याशी वाकलेली.
"काका, एवढे मोठे पाय कुणाचे?"
मी सरांच्या कपाटातून टेप आणली,
फळीपासून टाचेपर्यंत धरली.
"सव्वातीन फूट," मी म्हणालो.
"एवढंच?" ती म्हणाली.

दाताळं मी भिंतीला टेकवून ठेवलं.